न्हाणीतला धूर कुठे गेला?

जानेवारीतल्या एका सकाळी अकोल्यातल्या आमच्या घरचा गिझर बंद पडला. मिस्त्रीने तो भिंतीवरून उतरवला, उघडला आणि आतलं एलिमेंट काढून आईला दाखवलं. मूळची नळी दिसतच नव्हती. तिच्यावर बोटभर जाडीचा पांढरा, खडबडीत थर चढला होता.

"काकू, बोरचं पानी हाये ना तुमचं?" त्याने विचारलं. "मंग हे असंच होनार. नवं टाका, काही वर्षांनी पुन्हा हेच."

त्या दिवसापासून घरात चर्चा सुरू झाली. भाऊ म्हणाला, गॅसचा गिझर घेऊ, पाणी पटकन तापतं. बाबा म्हणाले, गच्चीवर सोलर बसवू, एकदाच काय तो खर्च. मी मोबाईलवर हीट पंपाचे व्हिडिओ बघत बसले. आणि आई, जिने लग्नाआधीची सगळी वर्षं चुलीवर पाणी तापवलं, ती एवढंच म्हणाली, "काहीही घ्या, फक्त धूर नको."

आईची ही अट माझ्या डोक्यात राहिली. घरात गिझर आला तेव्हा धूर संपला, असं आम्ही सगळेच समजत होतो. मग वाटलं, तो खरंच संपला होता का? वऱ्हाडातल्या माणसाने आंघोळीचं पाणी आजवर कशावर तापवलं आणि त्याचा धूर कुणाच्या वाट्याला आला, हे शोधायला मी बसले. त्यातून हाती लागलेली ही गोष्ट.

हंडा, पऱ्हाट्या आणि विसण

आईचं माहेर दर्यापूर तालुक्यातलं. तिथली न्हाणी म्हणजे घरामागे तट्ट्याचा आडोसा आणि खाली एक फरशी. शेजारी तीन दगडांची चूल, तिच्यावर काळाठिक्कर पडलेला हंडा. आजी पहाटे उठून पऱ्हाट्यांचा भारा ओढून आणायची. पाणी कढत झालं की बादलीत ओतायची आणि आतूनच ओरडायची, "इसन घे वं, नाहीतं भाजशीन!"

विसण म्हणजे कढत पाणी अंगावर घेण्याजोगं करण्यासाठी त्यात मिसळायचं थंड पाणी. आज ते काम नळाची दांडी डावी-उजवीकडे फिरवून होतं, म्हणून हा शब्द शहरात फारसा ऐकू येत नाही.

ज्यांना खेडं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. पऱ्हाटी म्हणजे कपाशीचं झाड. वेचणी संपली की वाळलेली झाडं उपटायची, भारे बांधायचे आणि घराजवळ रचून ठेवायचे. पुढचं वर्षभर चूल त्यांच्यावर चालते. सोबतीला तुराट्या, म्हणजे तुरीची वाळलेली झाडं, आणि गवऱ्या. पऱ्हाटी भुरूभुरू जळते, चांगल्या लाकडासारखा निखारा धरून ठेवत नाही. त्यामुळे ती चुलीत सारत राहायला कुणीतरी समोर बसून राहावं लागतं. ते कुणीतरी म्हणजे घरातली बाईच. हंडा एक आणि माणसं नऊ. आधी शेतावर जाणारे पुरुष, मग शाळेची पोरं, शेवटी बाया. आई सांगते, आजीने गरम पाण्याने आंघोळ केलेली तिला फारशी आठवत नाही. पाणी तापवणारीच्या वाट्याला येईपर्यंत हंडा रिकामा व्हायचा.

गरम पाण्याची हौस या मुलखाला जुनी आहे. मोर्शी तालुक्यात सातपुड्याच्या कुशीत सालबर्डी आहे. तिथे जमिनीतूनच गरम पाणी येतं. महानुभाव पंथाच्या आठवणींत हे गाव महत्त्वाचं आहे. याच मोर्शी तालुक्यातल्या रिद्धपूरला तेराव्या शतकात लीळाचरित्र सिद्ध झालं. पुढे मोगलांच्या काळात मेळघाटाच्या पलीकडे, तापीकाठच्या बऱ्हाणपूरला शाही किल्ल्यात हमाम बांधला गेला. तो आजही बघता येतो. राजाला हमाम होता, बैराग्याला झरा होता. बाकी सगळ्यांना चूल होती, आणि चुलीला लागत होतं सरपण.

पूर्णेच्या खोऱ्यातल्या काळ्या सपाट जमिनीवर सरपण मिळणं कठीण. जंगल उत्तरेला मेळघाटात. तिथलं लाकूड परतवाड्याच्या बाजारात यायचं, पण ते विकत घ्यावं लागे. मधल्या शेकडो गावांना झाडं थोडी आणि शेतं अफाट.

शेतांत कापूस होता. १८५३ साली निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस मिळेनासा झाला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर हिंदुस्थानातल्या कापसाकडे वळली. भुसावळहून निघालेली रेल्वे अकोला, बडनेरा करत १८६७ साली नागपूरला पोचली. गावोगावचा कापूस बैलगाड्यांनी बाजारात, तिथून जिनिंगमध्ये आणि गाठी होऊन मुंबईच्या गोदीत जाऊ लागला. सरकीसुद्धा विकली जायची. ज्याला बाजारात कुणी विचारत नव्हतं ते गावातच राहिलं. ते म्हणजे पऱ्हाट्या. कापूस जगभर गेला आणि त्याच्या काड्यांवर वऱ्हाडाने आपलं आंघोळीचं पाणी तापवलं.

तांब्याचा बंब

शहरातली गोष्ट थोडी वेगळी होती. अमरावती-अकोल्यात वकील, सावकार, कारकून, जिनवाले यांची पक्की घरं उभी राहिली आणि त्यांच्या न्हाणीघरात बंब आला.

आगीच्या बंबाशी त्याचं नुसतं नाव जुळतं. 'बंब' हा शब्द पोर्तुगीज 'बोंबा'वरून, म्हणजे पंपावरून आला, असं सांगितलं जातं. न्हाणीतला बंब म्हणजे तांब्याचं पिंप. त्याच्या मधोमध खालून वरपर्यंत एक नळकांडं. खाली जाळी, जाळीवर विस्तव. लाकडाच्या ढलप्या, गोवऱ्यांचे तुकडे, नारळाच्या करवंट्या, जे हाताशी असेल ते वरून त्या नळकांड्यात टाकायचं. नळकांड्याभोवती पाणी, बाजूला तोटी. जितकं गरम पाणी काढाल तितकं थंड पाणी वरून ओतायचं.

उघड्या चुलीत जळणाची बहुतेक उष्णता हवेत जाते. फार तर दहावा हिस्सा भांड्यातल्या पाण्याला मिळतो. बंबात विस्तव पाण्याच्या पोटात असतो. त्यामुळे उष्णतेला निसटण्याआधी पाण्याशी गाठ घ्यावीच लागते. आज आपण ज्याला 'ऊर्जाबचत' म्हणतो ती तांबटाच्या हातोडीने कधीच साधली होती. फक्त कुणी तिच्यावर तारे चिकटवले नव्हते.

दिवाळीत या बंबाचा मान असायचा. नरक चतुर्दशीच्या आदल्या दिवशी तो चिंचेने घासून लख्ख करायचा, हळदीकुंकू लावायचं, भरून ठेवायचा. पण बंब तांब्याचा, म्हणजे पैसेवाल्याच्या घरचा. आणि धूर त्यालाही होताच. न्हाणीघराचं छत काळं, पेटवणाऱ्या बाईचे किंवा गड्याचे डोळे लाल. बंबाने जळण वाचवलं, तरी समोर कुणीतरी बसावं लागायचंच.

मुंबईतला एक साहेब आणि त्याचे आरसे

इथे वऱ्हाड सोडून थोडं मुंबईला जाऊ. कारण वऱ्हाडात चुली धुरकटत होत्या, त्याच काळात तिथे एक माणूस बिनधुराचं पाणी उकळत होता.

त्याचं नाव विल्यम अ‍ॅडम्स. मुंबई हायकोर्टात नोकरीला. उष्ण देशांत लाकूड आणि कोळसा महाग, ऊन मात्र फुकट आणि भरपूर, हे त्याच्या डोक्यात बसलं. त्याने सपाट आरसे अर्धवर्तुळात मांडले, सगळ्यांची तिरीप तांब्याच्या एका बॉयलरवर पाडली आणि पाणी उकळून दाखवलं. त्या वाफेवर पंपही चालवला. आरशांची एक अष्टकोनी पेटी करून तिच्यात सात शिपायांचं जेवण दोन तासांत शिजवलं, तेही मुंबईच्या जानेवारीत. १८७८ साली त्याने यावर पुस्तक लिहिलं. उष्ण प्रदेशांत सौर उष्णता इंधनाची जागा घेऊ शकते, हा त्याचा विषय.

अ‍ॅडम्सच्या शंभर वर्षं आधी, १७६७ साली, स्वित्झर्लंडच्या सोस्यूरने काचेच्या पेट्यांत ऊन कोंडून पाणी उकळण्याइतकी उष्णता मिळवली होती. अमेरिकेत शेतकऱ्यांनी पत्र्याच्या टाक्या काळ्या रंगवून उन्हात ठेवल्या, की संध्याकाळपर्यंत पाणी तापायचं. पण सूर्य कलला की लगेच निवायचं. १८९१ साली बाल्टिमोरच्या क्लॅरेन्स केम्पने या काळ्या टाक्या काचेच्या पेटीत बसवल्या आणि त्याचं पेटंट घेतलं. हा बाजारात विकला गेलेला पहिला सौर बंब. १९०९ साली कॅलिफोर्नियात विल्यम बेलीने पुढचं पाऊल टाकलं. तापवायची जागा वेगळी केली, साठवायची टाकी वेगळी केली आणि टाकीला उबदार आवरण घातलं. दिवसा तापलेलं पाणी दुसऱ्या दिवशी पहाटेपर्यंत गरम राहू लागलं. आज आपल्या गच्च्यांवर दिसणारे सोलर मुळात बेलीच्याच कल्पनेवर चालतात.

मग हे सगळं तेव्हाच वऱ्हाडात का आलं नाही? कॅलिफोर्नियातसुद्धा १९२०च्या दशकात नैसर्गिक वायू स्वस्त झाला आणि सौर बंब मागे पडले. म्हणजे उन्हाची गाठ नेहमी स्वस्त इंधनाशी पडते. आपल्याकडे पऱ्हाट्या तर फुकटच होत्या. आणि त्या वेचून, बांधून, वाहून, चुलीपुढे बसून सारणाऱ्या बाईचं कष्टही फुकटच धरलेलं होतं. ज्या कामाचा हिशेब कुणी ठेवत नाही, त्यात बचत करणारं यंत्र कुणी विकत घेत नाही.

पारसची चिमणी

अकोल्याहून रेल्वेने शेगावकडे जाताना पारस लागतं. बाळापूर तालुक्यातलं हे गाव औष्णिक वीज केंद्रासाठी ओळखलं जातं. इथला पहिला छोटा संच १९६१ साली सुरू झाला. ते जुने संच आता इतिहासजमा झाले आणि त्यांच्या जागी २००८ आणि २०१० साली प्रत्येकी २५० मेगावॉटचे दोन संच आले.

वीज घरोघर पोचली तशी आंघोळीच्या पाण्यात तिची पहिली हजेरी लागली ती रॉडच्या रूपात. बादलीत सोडायची ती वेटोळ्याची दांडी. स्वस्त, पण जिवावरची. बटण चालू असताना पाण्यात हात घालून बघणारे आणि शॉक खाल्लेले लोक प्रत्येक गल्लीत सापडतील. मग आला गिझर. या शब्दाचा प्रवास मजेदार आहे. आइसलँडमध्ये 'गेसिर' नावाचा गरम पाण्याचा उसळता झरा आहे. १८६८ साली लंडनच्या बेंजामिन मॉघनने गॅसवर पाणी तापवणारं यंत्र काढलं आणि त्याला या झऱ्यावरून 'गीझर' नाव दिलं. इंग्लंडमध्ये ते नाव मागे पडत गेलं. आपल्याकडे ते विजेच्या टाकीला चिकटलं आणि राहिलं.

आईच्या आयुष्यात गिझर आला तो दिवस मोठा होता. बटण दाबायचं, लाल दिवा लागायचा, दहा-पंधरा मिनिटांत पाणी. भारा नाही, फुंकणी नाही, डोळ्यांची आग नाही. कुणी आधी आंघोळ करायची आणि कुणी शेवटी, हा प्रश्नच मिटला. पर्यावरणाबद्दल लिहिताना आपण गिझरला सहज खलनायक करतो. एका पिढीच्या बायांसाठी तो सुटका होता, हे आधी मान्य करायला हवं.

पण हिशेबही करायला हवा. वीस लिटरची बादली हिवाळ्यात अठरा अंशांवरून बेचाळीस अंशांपर्यंत न्यायला अर्ध्या युनिटाहून थोडी जास्त वीज लागते. कोळशावर वीज करायची तर एका युनिटामागे साधारण पाऊण किलो कोळसा जळतो. म्हणजे एका बादलीला चारशे ग्रॅमांच्या आसपास. चार माणसांच्या घरात रोज दीड किलोहून जास्त. आजीच्या भाऱ्याच्या तुलनेत हे वजन कमी वाटेल, पण पुढची गंमत बघा. वीज केंद्रात कोळसा जाळून पाण्याची वाफ करतात. पाचशे अंशांच्या वर तापलेली ती वाफ चाक फिरवते आणि वीज तयार होते. कोळशातली साधारण एक तृतीयांश उष्णताच विजेत उतरते, बाकीची चिमणीतून आणि शीतकरण मनोऱ्यांतून हवेत जाते. ती वीज तारांवरून आपल्या घरी येते, वाटेत थोडी आणखी गळते. आणि आपण तिचं काय करतो? पुन्हा पाणीच तापवतो, तेही बेचाळीस अंशांपर्यंत. एवढं मोठं यंत्र चालवून शेवटी आजीच्या हंड्याचंच काम.

धूर संपला नव्हता, हे मला इथे कळलं. तो आमच्या न्हाणीतून निघून पारसच्या चिमणीत गेला होता. राखेचंही तेच. आजी चुलीची राख भांडी घासायला वापरायची, उरलेली उकिरड्यात जायची. आपल्या देशी कोळशात राखेचं प्रमाण खूप असतं, आणि औष्णिक केंद्रांच्या शेजारच्या गावांना त्या राखेसोबत राहावं लागतं.

पाण्याचाही प्रश्न आहे. अमरावतीजवळ नांदगाव पेठला १३५० मेगावॉटचा औष्णिक प्रकल्प आला, ज्याला लोक 'सोफिया' म्हणून ओळखत. त्याला अप्पर वर्धा धरणाचं पाणी द्यायचं ठरलं तेव्हा, २०१०-११च्या सुमारास, जिल्ह्यात मोठं आंदोलन उभं राहिलं. हेच धरण अमरावती शहराला पाणी पाजतं आणि शेती भिजवतं. शेतकऱ्यांचा सवाल साधा होता, आमच्या वाट्याचं पाणी वीज करायला का? आपण सकाळी बटण दाबतो तेव्हा आपल्या बादलीत न दिसणारं आणखी पाणी कुठेतरी खर्च होत असतं.

आणि एवढं करून ही वीज वऱ्हाडाला वेळेवर मिळायची, असंही नाही. २००५ नंतरची भारनियमनाची वर्षं ज्यांना आठवतात, त्यांना शेजारी वीज केंद्र असूनही अंधारात बसणं म्हणजे काय ते सांगायला नको. आमच्या माळ्यावरचा जुना बंब त्या काळात दोन हिवाळे पुन्हा खाली आला होता.

गच्चीवरचं ऊन

मे महिन्यात अकोल्याचा पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. तेव्हा गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी दुपारी हात लावू देत नाही. रात्रीच बादल्या भरून निववाव्या लागतात. उन्हाळ्यात आमच्याकडे विसण उलटी होते, नळाचं पाणी कढत आणि माठाजवळची बादली थंड. केम्पच्या आधी अमेरिकन शेतकऱ्यांनी वापरली तीच ही काळी टाकी. म्हणजे अकोल्यात जवळपास प्रत्येक घरावर अर्धा सौर बंब आधीच बसलेला आहे. कमी आहे ती काचेची आणि उबदार आवरणाची.

१९७३ साली जगात खनिज तेलाचे भाव भडकले आणि सगळ्यांना उन्हाची आठवण झाली. इस्रायलने १९८० साली नव्या घरांवर सौर बंब सक्तीचे केले. आपल्याकडे १९८२ साली केंद्रात अपारंपरिक ऊर्जेसाठी स्वतंत्र विभाग झाला. महाराष्ट्रात १९८५ साली महाऊर्जा, म्हणजे मेडा, ही संस्था स्थापन झाली. वसतिगृहं, दवाखाने, हॉटेलं यांच्या गच्च्यांवर सौर बंब दिसू लागले, मग बंगल्यांवर. घरावर सौर बंब बसवणाऱ्याला मालमत्ता करात सवलत देणाऱ्या महापालिकांच्या यादीत ठाणे आणि नागपूरसोबत अमरावतीचंही नाव होतं. २०१० साली राष्ट्रीय सौर मिशन आलं, अनुदानं मिळाली. २०१४ साली पाणी तापवण्याच्या संचांवरचं केंद्राचं अनुदान थांबलं. २०२४ पासून सरकारचा सगळा जोर छतावरच्या वीज बनवणाऱ्या पॅनेलांवर आहे.

सौर बंब कसा चालतो ते दोन वाक्यांत सांगते. तापलेलं पाणी हलकं होऊन आपोआप वर चढतं आणि वरच्या टाकीत जातं, टाकीतलं थंड पाणी खाली उतरून तापायला येतं. पंप नाही, बटण नाही. दक्षिणेकडे तोंड करून, जरा उभा कलता ठेवला की हिवाळ्यातलं तिरपं ऊन त्याला नीट मिळतं. शंभर लिटरच्या संचाला दोन चौरस मीटरच्या आसपास उन्हाची जागा पुरते. वऱ्हाडातला हिवाळा तर त्याच्यासाठीच घडवल्यासारखा आहे. रात्री बोचरी थंडी, दिवसभर निरभ्र आकाश. ज्या महिन्यांत गरम पाणी सगळ्यात जास्त लागतं, त्याच महिन्यांत ऊन खात्रीचं.

मग प्रत्येक गच्चीवर हे का नाही? कारणं शोधायला मला फार लांब जावं लागलं नाही. मिस्त्रीच्या हातातला तो पांढरा थर पुरेसा होता.

पूर्णेच्या दोन्ही बाजूंना अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरलेला आहे. इथलं भूजल खारं आहे. साबणाला फेस येत नाही, डाळ शिजत नाही, आणि तापवलं की क्षार भांड्याला धरतात. त्या पट्ट्याच्या बाहेरही बोरचं पाणी बहुतेक ठिकाणी जडच. आणि नळ काही दिवसांआड येत असेल तर नळाचं पाणी प्यायला ठेवून आंघोळीला बोरचंच वापरलं जातं. हे पाणी सौर बंबाच्या बारीक तांब्याच्या नळ्यांतून रोज फिरलं तर त्या काही वर्षांत तुंबतात. काचेच्या पोकळ नळ्यांच्या संचातही तळाशी गाळ साचतो. म्हणून जड पाण्याच्या भागात हीट एक्स्चेंजरवाला संच लागतो. त्यात उन्हात फिरतं ते वेगळं, बंदिस्त, स्वच्छ पाणी, आणि ते आपली उष्णता टाकीतल्या पाण्याला बाहेरूनच देतं. तो महाग पडतो. हे न सांगता साधा संच विकला गेला की दोन-तीन वर्षांत तो थंडावतो. मग गल्लीभर बातमी पसरते, "सोलर काही खरं नाही."

दुसरं कारण गच्चीचं. सौर बंबाला स्वतःची गच्ची लागते. फ्लॅटमध्ये गच्ची सगळ्यांची, म्हणजे कुणाचीच नाही. भाड्याच्या घरात खर्च भाडेकरूने करायचा आणि संच मालकाचा व्हायचा. अशा घरांसाठी हीट पंप बरा. तो फ्रिजच्या उलट चालतो, बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाण्याला देतो आणि एका युनिट विजेत साधारण तीन युनिटांची उष्णता पोचवतो. पण त्याची किंमत ऐकून माणूस पुन्हा बटणाच्या गिझरकडे वळतो. निदान तो जास्त तारांकित घ्यावा आणि लागेल तितकाच वेळ चालू ठेवावा, एवढं तर कुणालाही जमतं.

भावाने सुचवलेल्या गॅसच्या गिझरबद्दल एकच गोष्ट सांगते. तो बंद न्हाणीघरात लावला आणि हवा खेळती नसली तर कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि माणूस कळायच्या आत बेशुद्ध पडतो. दर हिवाळ्यात अशा मृत्यूंच्या बातम्या येतात. आईने 'धूर नको' म्हटलं होतं. हा तर न दिसणारा धूर.

गावात अजून पऱ्हाट्याच

हे सगळं शहरातलं. आजीच्या गावी मागच्या वर्षी गेले तेव्हा मामाच्या घरात सिलिंडर होता, मिक्सर होता, टीव्ही होता. आणि घरामागे पऱ्हाट्यांचा ढीगही होता. २०१६ साली उज्ज्वला योजना आली, गॅस गावोगाव पोचला. पण सिलिंडर महाग. तो चहाला, भाजीला, पाहुणे आले तर. आंघोळीच्या पाण्यासाठी गॅस जाळणं म्हणजे उधळपट्टी. "पान्याले कायले गॅस जाळा?" मामी म्हणाली. मोठ्या भांड्याला खूप इंधन लागतं, म्हणून चूल घरातून सगळ्यात शेवटी जाते ती न्हाणीतून.

त्या ढिगाची आता वेगळीच काळजी आहे. २०१७च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भातल्या कपाशीचं प्रचंड नुकसान केलं. ही अळी हंगाम संपल्यावर वाळक्या बोंडांत दडून राहते आणि पुढच्या पेरणीला पुन्हा बाहेर येते. म्हणून कृषी विभाग दरवर्षी सांगतो, फरदड घेऊ नका, पऱ्हाट्या शेतात किंवा बांधावर रचून ठेवू नका. सल्ला बरोबरच आहे. पण त्या पऱ्हाट्या म्हणजे वर्षभराचं सरपण. त्या काढून टाकल्या तर पाणी कशावर तापवायचं, याचं उत्तर सल्ल्यात नसतं. आंघोळीचा हंडा आणि पुढच्या हंगामाचं पीक यांचा असा संबंध असेल, असं मला आधी कधी वाटलं नव्हतं.

गावातल्या न्हाणीवर ऊन काही कमी पडत नाही. पाणी खारं आहे, रोख पैसा हंगामी आहे, आणि चुलीपुढे बसणारीचा वेळ अजूनही कुणी मोजत नाही. अकोल्यात पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे, तिथे अपारंपरिक ऊर्जेचा विभागही आहे. खाऱ्या पाण्यावर टिकेल, दुरुस्त करायला गावातलाच मिस्त्री पुरेल आणि कापसाच्या एका चुकाऱ्यात बसेल असा बंब ज्या दिवशी दर्यापूरच्या बाजारात मिळेल, त्या दिवशी मामीचा पऱ्हाट्यांचा ढीग आपोआप उतरेल.

आमच्या घरी काय ठरलं

आम्ही शेवटी हीट एक्स्चेंजरवाला सौर बंब घेतला, शंभर लिटरचा. भाऊ अजून किमतीवरून कुरकुरतो. तांबं, काच, स्टील बनवताना धूर झालाच असेल, तोही कुठल्यातरी गावावर. पण तो एकदाच झाला. रोजच्या बादलीमागे नाही. पावसाळ्यात चार-आठ ढगाळ दिवस वीज लागेल, तेही मान्य.

एक अडचण मात्र कुणी आधी सांगितली नव्हती. गच्चीवरची टाकी लांब, पाइप लांब. सकाळी तोटी उघडली की रात्रभर पाइपात निवलेलं पाणी आधी येतं, चांगली अर्धी बादली. मग गरम येतं. जिथे नळाची वाट दिवसेंदिवस बघावी लागते, तिथे रोज अर्धी बादली मोरीत सोडणं कुणालाही खटकेल. बाबा कंपनीला फोन लावायच्या तयारीत होते.

आईने काहीच केलं नाही. तिने तोटीखाली आधी एक रिकामी बादली ठेवली, थंड पाणी तिच्यात भरून घेतलं, मग दुसरी बादली ठेवून कढत पाणी घेतलं. आणि न्हाणीच्या दारातून मला हाक मारली, "ये वं, तापलं पानी. इसन भरून ठेवली आहे."